अठरा गिनीपिग, छत्तीस पेंढ्या

६ मे, सोमवार

आज क्विटोहून सर्क्युलर आलं. राजधानीला एकदाची जाग आली. म्हणे मुलांना पाढे येतात, सूत्रं येतात, पण रोजच्या जगण्यातलं गणित येतं का, ते तपासायचंय. प्रत्येक गणित शिक्षकाने आपल्या भागातल्या जीवनावर दहा प्रश्न काढायचे, आपल्याच दहावीला घालायचे आणि उत्तरपत्रिका पाठवायच्या. ज्याचे प्रश्न सरस ठरतील त्याला थेट प्रश्नसमितीवर घेणार. क्विटोत. कायमचं.

सर्क्युलर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वाटलं, माझं नाव तेवढं घालायचं राहून गेलंय.

याकुपाम्बाच्या शाळेत अकरा वर्षं काढली. तीनदा बदलीचा अर्ज केला, तीनही वेळा तो कचेरीत कुणाला सापडला नाही. आता मात्र मला इथून सोडवायला गणितच धावून आलंय. संध्याकाळी सहीचा सराव केला. एलिसेओ व्हियाक्रेस, समिती सदस्य. ‘सदस्य’ जरा खाली घसरतं, बाकी ठीक.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून, वही घेऊन, लोकांच्या जीवनात उतरायचं.

७ मे, सकाळी ७.४०

आत्ता उठलो. बाहेर धुकं होतं. धुक्यात जीवन दिसत नाही. उद्यापासून.

८ मे, सकाळी ८.०५

उद्यापासून.

९ मे, गुरुवार

क्विटोसाठी सूट शिवायला टाकला. शिंप्याने कमरेचं माप दोनदा घेतलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा घेतलं. त्याला माप घेता येत नाही.

घरमालकीण दोन्या इमेल्दांना सांगून टाकलं की जुलैत खोली रिकामी करतोय. मला वाटलं, बाईंना जरा वाईट वाटेल. अकरा वर्षं त्यांच्या हातचं बटाट्याचं सूप पितोय. त्या म्हणाल्या, बरं झालं मास्तर, कांदे ठेवायला जागा नव्हतीच. मग विचारलं, आज दुसरा वाडगा घेणार की क्विटोचं पोट आत्तापासूनच सांभाळणार. घेतला. उगाच त्यांचं मन कशाला मोडायचं.

११ मे, शनिवार

आज बाजारचा दिवस. वही घेऊन गेलो. एका बाईला विचारलं, ताई, तुमच्याकडे दिवसाला किती गिऱ्हाइकं येतात? ती म्हणाली, घेणारी की नुसती विचारणारी? घेणारी आठवत नाहीत, पण नुसतं विचारणारे आज तुम्ही तिसरे. बाजूच्या सगळ्या हसल्या. जीवनात फार गोंगाट आहे. तिथे प्रश्न सुचत नाहीत.

घरी येऊन शांतपणे खिडकीत बसलो. समोर दोन्या इमेल्दांचं स्वयंपाकघर, आणि चुलीजवळ जमिनीवर त्यांचे गिनीपिग. आणि काय सांगू! दहा मिनिटांत प्रश्न तयार.

प्रश्न ३: एका घरी १८ गिनीपिग आहेत. ते रोज लसूणघासाच्या ३ पेंढ्या खातात. घरात ३६ पेंढ्या आहेत. हा चारा किती दिवस पुरेल? उत्तर: १२ दिवस.

अठरा हा आकडा काल्पनिक नाही. मी खिडकीतून स्वतः मोजले. एक तपकिरी दोनदा मोजला गेला असावा, पण तत्त्वाला धक्का लागत नाही. याला म्हणतात जीवनाशी नातं.

१५ मे, बुधवार

आज प्रश्न ७. हा माझा मुकुटमणी.

गावात मिंगा असते. घरटी एक माणूस, ज्याचं त्याचं फावडं, सगळ्यांनी मिळून पाण्याचा पाट साफ करायचा. प्रश्न असा: मिंगेला २० माणसं आली तर १८० मीटर पाट ६ तासांत साफ होतो. ४० माणसं आली तर किती तास लागतील? उत्तर: ३ तास.

मी स्वतः अकरा वर्षांत मिंगेला गेलेलो नाही. एकदा कंबर होती, एकदा पेपर तपासायचे होते, बाकीच्या वेळची कारणं आता आठवत नाहीत, पण सबळ होती. शिवाय पाटाचं गणित करायला पाटात उतरावं लागत नाही.

सूप आणताना दोन्या इमेल्दांनी तो कागद वाचला. विचारलं, ही वरची वीस माणसं कुठली? म्हटलं, कुठली नाहीत, ती मानलेली आहेत. त्या म्हणाल्या, मास्तर, भाऊ मानतात, बहीण मानतात, ते कळतं मला. पण फावडं घेऊन येणारं माणूस कुठल्यातरी घरातूनच येतं ना? अशिक्षित माणसाशी वाद घालू नये. मी सूप प्यालो.

१७ मे, शुक्रवार

सूट आला. बटण लागतं. श्वास मात्र सोडायचा नाही.

२० मे, सोमवार

टेस्ट झाली. एकतीस मुलं. प्रश्न वाचता वाचता मुलं गालातल्या गालात हसत होती. प्रश्न थेट जीवनातून आले की असा आनंद होतो.

मिरेया तोआपांताने हात वर केला. दोन्या इमेल्दांची ही नात. हुशार, पण फार विचारते. म्हणाली, सर, तिसऱ्या प्रश्नात अठरापैकी माद्या किती? म्हटलं, दिलेलं नाही म्हणजे लागत नाही. तिने विचारलं, मग सोडवायचं कसं? म्हटलं, नीट वाच. ती म्हणाली, नीट वाचलं म्हणूनच विचारतेय.

मागून एडिसनने विचारलं, हे बारा दिवस सणाच्या आधीचे की नंतरचे? सणाच्या आधीचे असतील तर चारा खूप उरेल, कारण सगळे सणाच्या जेवणात जातील, गिनीपिगच उरणार नाहीत. वर्ग खिदळला. मी एडिसनला उभं केलं. तो उभ्याउभ्या लिहीत राहिला.

२२ मे, बुधवार

पेपर तपासले.

तिसरा प्रश्न: एकतिसात दोघांचं बरोबर. ते दोघे गेल्याच महिन्यात शहरातून आलेत. बाकीच्यांची उत्तरं आठ दिवस, नऊ दिवस, सणावर अवलंबून, आणि एकाचं ‘आजीला विचारून सांगतो’.

सातवा प्रश्न: बरोबर, शून्य. माझा मुकुटमणी! एकानेही तीन तास लिहिलं नाही. चाळीस माणसं आली तर उलट वेळ वाढतो, असं एकतीसच्या एकतीस मुलांचं मत. मिरेयाचं उत्तर साडेआठ तास. वर पानभर स्पष्टीकरण: आठला सुरू केलं तर साडेचारला संपेल, वगैरे. पान वाचलं नाही. उत्तरच चूक म्हटल्यावर कारणं कशाला वाचायची?

सर्क्युलर पुन्हा काढून पाहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलंय, की ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच येत नाही, तो प्रश्न सदोष समजण्यात येईल. म्हणजे मुलं चुकायची आणि क्विटो माझं बुडायचं.

पत्रिका पाठवल्या. सोबत माझं निवेदन जोडलं: दोष प्रश्नात नसून वर्गात आहे.

२३ मे, गुरुवार

क्विटोहून फोन. समितीच्या इंजिनिअर पाउलिना एचानिके येत्या एक जूनला, शनिवारी, अकराच्या बसने येतायत. म्हणाल्या, सातव्या प्रश्नाविषयी बोलायचंय.

घाबरलो नाही. पाच मिनिटं नुसता बसून होतो, तेवढंच. आणि मग सुचलं. सिद्ध करून दाखवायचं! शनिवारी खरीखुरी मिंगा भरवायची, मोजून चाळीस माणसांची. आठला सुरू, अकराला खलास. बाई बसमधून उतरतील तेव्हा पाट चकचकीत, आणि काठावर सूट घालून मी. एकतीस मुलं तोंडात बोटं घालतील.

२४ मे, शुक्रवार

पाणी समितीचे अध्यक्ष तायता सेल्सो चिलुइसा यांच्याकडे गेलो. पाट साफ करायला झालाच होता. त्यांच्या यादीत वीस घरं. मी म्हटलं, आणखी वीस हवीत. त्यांनी टोपी मागे सरकवली. म्हणाले, म्हणजे वरच्या वाडीला बोलवायचं? म्हटलं, बोलवा. म्हणाले, मास्तर, हे तुम्ही सांगताय ना? म्हटलं, मीच सांगतोय. तिसऱ्यांदा विचारलं, नक्की तुम्हीच ना? मग त्यांनी आत जाऊन बायकोला काहीतरी सांगितलं आणि आतून हसण्याचा आवाज आला. सुखी कुटुंब आहे.

२९ मे, बुधवार

वरच्या वाडीत घरं एकोणीसच निघाली. एकूण एकोणचाळीस. माझं गणित बिघडणार म्हणून जीव वरखाली झाला. तायता सेल्सो म्हणाले, काळजी करू नका मास्तर, चाळिसावा माणूस आम्ही शोधलाय. गावचे लोक मनाने फार चांगले.

१ जून, शनिवार, सकाळी ६.३०

सूटला इस्त्री. बूट आरशासारखे. समितीच्या बाईंपुढे करायचं छोटं भाषण पाठ. आजचा दिवस माझा.

१ जून, संध्याकाळी ६.००

बसवत नाही, म्हणून उभ्याने लिहितोय.

आठला सगळे जमले. आधी तायता सेल्सोंनी हजेरी घेतली. मग वरच्या वाडीच्या अध्यक्षांनी त्यांची वेगळी हजेरी घेतली, कारण एकाच्या यादीत दुसरा बसत नाही. साडेआठ. मग काठी. पाट मोजायला इथे तीन मीटरची बांबूची काठी असते आणि दर माणशी तीन काठ्या पाट वाटून देतात. वरच्या वाडीची काठी आमच्या काठीपेक्षा चार बोटं आखूड निघाली. कोणती काठी खरी यावर अर्धा तास. बायका मध्ये पडल्या म्हणून अर्ध्या तासावर भागलं. नऊ.

मी घड्याळ दाखवून म्हटलं, चला, आता एकशे ऐंशी मीटर भराभर उरकू. वरच्या वाडीचे अध्यक्ष म्हणाले, एकशे ऐंशी? आम्ही काय दुसऱ्याच्या पाटात घाम गाळायला खाली उतरलोय? आम्ही आलो तर पाट आमच्या झऱ्यापर्यंत साफ व्हायला हवा. तायता सेल्सो म्हणाले, बरोबर आहे. तीनशे साठ मीटर. दर माणशी पुन्हा त्याच तीन काठ्या, पुन्हा तेच सहा तास. माणूस वाढला तसा पाटही वाढला. हे कुणी मला आधी सांगितलं नाही.

तीन काठ्या प्रत्येकाला, आणि चाळिसावं नाव वाचलं गेलं: मास्तर एलिसेओ व्हियाक्रेस.

मी म्हटलं, मी निरीक्षक आहे. तायता सेल्सो शांतपणे म्हणाले, मिंगा ज्याने बोलावली त्याचं नाव यादीत असतंच. शिवाय अकरा वर्षं तुमच्या वाटचं आम्ही काढलं, कधी बोललो का? खरं सांगायचं तर लाज वाटली. फावडं दोन्या इमेल्दांनी घरूनच आणून ठेवलं होतं. माझ्या वाट्याला निलगिरीच्या मुळांचा तुकडा आला. पहिल्याच वाकण्यात सूटची शिवण गेली, कुठली ते लिहीत नाही.

इंजिनिअर बाई आल्या तेव्हा मी गुडघाभर गाळात होतो. त्यांनी विचारलं, शिक्षक व्हियाक्रेस कुठे भेटतील? दोन्या इमेल्दांनी खाली बोट दाखवलं. पाठ केलेलं भाषण सुरू केलं, पण तोंडात चिखल होता. बाईंनी कुणाचे तरी गमबूट घातले, पाटात उतरल्या आणि माझ्या तीन काठ्यांपैकी दीड काठी स्वतः काढली. त्यांचं माहेर म्हणे कान्यार भागातल्या खेड्यातलं, लहानपणी वडील आजारी असले की घरचं फावडं त्याच न्यायच्या.

बाराला जेवण. प्रत्येक घराने आणलेलं एकाच लांब चादरीवर ओतायचं: उकडलेला मका, बटाटे, शेंगा, चीज. एकोणचाळीस घरचं सगळ्यांनी चाखायचं, नाहीतर राग येतो. त्यात दोन अध्यक्ष म्हणजे दोन भाषणं. दीड तास. मग पुन्हा पाट.

शेवटची हजेरी घ्यायचीही गरज पडली नाही, सगळे समोरच आडवे झाले होते. घड्याळ पाहिलं. साडेचार.

मिरेया काठावर उभी होती. तिने पण घड्याळ पाहिलं. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाई दगडावर बसून तिचं ते पान वाचत होत्या. मध्येच मोठ्याने हसल्या. मला विचारलं, तुम्ही हे वाचलंत ना? म्हटलं, अर्थात, ओझरतं. त्यांनी वाचून दाखवलं: हजेरी अर्धा तास, काठीचं भांडण अर्धा, काम सहा तास कारण वरची वाडी आपला पाट घेऊनच येणार, जेवण दीड.

भांडणसुद्धा धरलं होतं.

५ जून, बुधवार

सुट्टीवर. कंबर. या वेळी खरंच.

१० जून, सोमवार

क्विटोहून काही नाही. मोठ्या नेमणुकांना वेळ लागतोच. शिवाय बाईंनी जाताना माझा हात बराच वेळ हलवला होता. हात चिखलाने चिकटला असेल असं दोन्या इमेल्दांचं म्हणणं.

१३ जून, गुरुवार

पत्र आलं! तिसरा आणि सातवा, दोन्ही प्रश्न निवडले! संपूर्ण देशात माझे दोन!

पुढचं पान नंतर वाचलं. प्रश्न निवडले, उत्तरं नाही. आता गुण आकड्याला नाहीत, कारणाला. मुलं असा विचार कसा करतात हे समितीला समजून घ्यायचंय, म्हणून १७ ते २८ जून बारा दिवसांचं शिबिर, आणि निमंत्रण कुमारी मिरेया तोआपांताला. ती लहान असल्याने सोबत एक जबाबदार मोठं माणूस.

माझ्याबद्दल एक ओळ होती: प्रश्नांबद्दल आभार.

तरी ‘जबाबदार मोठं माणूस’ वाचून धीर आला. सूटची शिवण स्वतः घातली.

१४ जून, शुक्रवार

मिरेया आजीला घेऊन जातेय. मी समजावलं, अगं, तिथे गणितातल्या माणसांशी बोलायचंय. ती म्हणाली, सर, काठीचं भांडण किती वेळ चालतं ते मला आजीनेच सांगितलं होतं. मी तिथे अडले तर तुम्ही काय सांगाल?

मला क्विटोला जायचं होतं. अकरा वर्षं फक्त तेवढंच हवं होतं.

दोन्या इमेल्दा सूप वाढताना म्हणाल्या, आता प्रश्न गिनीपिगांचा. बारा दिवस कोण बघणार? आणि मग, जसं काही आत्ताच सुचलं: अरे हो मास्तर, तुमचं तर गणित करून झालेलंच आहे.

१७ जून, सोमवार

गेल्या. दोन्या इमेल्दांनी नवी टोपी घातली होती. मिरेयाची पिशवी बंद होईना, म्हणून क्विटोसाठी घेतलेली माझी नवी ब्रीफकेस तिला दिली. बसच्या खिडकीतून तिने ती उंच करून दाखवली. छान दिसत होती.

अंगणात मोजून छत्तीस पेंढ्या रचलेल्या. दोन्या इमेल्दा म्हणाल्या होत्या, तुमच्याच उत्तराप्रमाणे, एकही जास्त नाही. सणाला एकही कापायचा नाही, ही ताकीद. अठरा गिनीपिग, रोज तीन पेंढ्या, बारा दिवस. आता साऱ्या गावाला दिसेल.

१९ जून, बुधवार

अठरा. सत्तावीस पेंढ्या शिल्लक. शाळेत सगळ्यांना सांगितलं.

२१ जून, शुक्रवार

चोवीस.

पुन्हा मोजले. चोवीस. खिडकीतून नव्हे, जमिनीवर बसून मोजले. ही पिल्लं जन्मतःच केस, डोळे, दात सगळं घेऊन येतात आणि लगेच चाऱ्याला लागतात. आज चार पेंढ्या.

२३ जून, रविवार

एकोणतीस. पाच पेंढ्या. अपवाद समजावा.

२४ जून, सोमवार

सहा पेंढ्या उरल्या. चार दिवसांवर दोन्या इमेल्दा येतील. पेंढ्या अर्ध्या अर्ध्या कापून दिल्या, म्हणजे संख्या दुप्पट होईल. गिनीपिगांना हे गणित येत नाही.

२६ जून, बुधवार, सकाळी ६.००

पहाटे पाचला उठलो. सर्क्युलर आल्यापासून पहिल्यांदा. काल चारा संपला. तेहेतीस तोंडं एकदम ओरडतात.

विळा घेऊन पाटाकडे गेलो. जुनी पँट वाळत होती, म्हणून सूटची पँट. माझ्या तीन काठ्यांच्या काठावर गवत चांगलं आलंय, तेवढं आहे. तायता सेल्सो पाणी सोडायला आले होते. विचारलं, मास्तर, गणित कुठवर आलं? म्हटलं, चाललंय. त्यांनी आपल्या शेतातली लसूणघासाची एक मोठी पेंढी माझ्या पाठीवर ठेवली.

२६ जून, दुपारी ३.००

शाळा सुटल्यावर दहावीची मुलं एकेक कवळा गवत घेऊन आली. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. एडिसन म्हणाला, आम्हाला माहीत होतं सर, नवव्या दिवशी संपणार. पेपरात लिहिलं होतं.

क्विटोहून पत्राबरोबर परत आलेला त्याचा पेपर काढून पाहिला. लिहिलं होतं. लाल शाईने मी त्यावर फुली मारली होती.

२७ जून, गुरुवार

क्विटोहून मिरेयाचा फोन आला. तिथले लोक चांगले आहेत म्हणे, आजीचं काठीचं भांडण ऐकून सगळे खूप हसले, आणि तिने तिसऱ्या प्रश्नाचं नवं उत्तर समितीला समजावलंय. मग विचारलं, सर, किती झाले? खोटं सांगणार होतो. तेहेतीस सांगितले. ती हसली. मग तेच विचारलं जे टेस्टच्या दिवशी विचारलं होतं, की त्यातल्या माद्या किती?

म्हटलं, थांब, मोजून सांगतो.

एडिसनने दाखवलं कसं ओळखायचं. जमिनीवर बसून एकेक उचलून पाहिला. मोठ्या माद्या अकरा. त्यातल्या चारांची पोटं अजून गोल आहेत.

हे प्रश्नात द्यायला हवं होतं.